कर्नलमधील चलांचे एकवेळचे प्रारंभीकरण

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, काही चलांना (व्हेरिएबलांना) त्यांचे खरे मूल्य एकदाच दिले जाते आणि त्यानंतर ती फक्त वाचली जातात. हॅशसाठी लागणारी गुप्त किल्ली, पहिल्या वापराच्या वेळी उभा केलेला तक्ता, एखाद्या क्रिप्टो अल्गोरिदमचा ऑब्जेक्ट ही त्याची उदाहरणे होत. अशा चलाकडे अनेक प्रोसेसर एकाच क्षणी आले तरी त्याची जुळणी दोनदा होऊ नये आणि अर्धवट तयार झालेला ऑब्जेक्ट कोणाच्याही हाती पडू नये, यासाठी योजलेल्या पद्धतींना एकवेळचे प्रारंभीकरण म्हणतात. यांपैकी पहिली अट बहुतेकांच्या लक्षात येते. दुसरी अट अधिक कठीण आहे आणि या विषयातले बरेचसे दोष तिच्यातूनच उद्भवतात.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे हे काम सिस्टिम सुरू होतानाच उरकणे. लिनक्समध्ये यासाठी ‘इनिटकॉल’ नावाची फंक्शने ठरावीक टप्प्यांनी चालवली जातात, आणि केवळ बूटच्या (सिस्टिम सुरू होण्याच्या) वेळी लागणारा कोड वेगळ्या विभागात ठेवून त्याची मेमरी नंतर मोकळी केली जाते. २०१६ मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीपासून ‘रो आफ्टर इनिट’ अशी खूणही उपलब्ध आहे. ही खूण असलेले चल बूट पूर्ण झाल्यावर मेमरीच्या केवळ वाचनीय पानांत जाते, त्यामुळे पुढे ते चुकून किंवा हल्लेखोराकडून बदलले जाण्याची वाट बंद होते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘सिसइनिट’ यंत्रणा प्रत्येक उपप्रणालीच्या प्रारंभाचा क्रम ठरवते. जे काम या टप्प्यात होऊ शकते ते पुढे ढकलण्यात शहाणपण नाही.

तरीही काही कामे पुढे ढकलावीच लागतात. क्वचित वापरल्या जाणाऱ्या सुविधेसाठी प्रत्येक यंत्रावर मेमरी अडकवून ठेवणे परवडत नाही. यादृच्छिक संख्यांबाबतचे कारण याहून महत्त्वाचे आहे. बूटच्या अगदी सुरुवातीला कर्नलजवळ पुरेशी अनिश्चितता जमलेली नसते, त्यामुळे त्या वेळी निवडलेली किल्ली अंदाजाने शोधता येण्याजोगी ठरू शकते. म्हणूनच लिनक्सच्या नेटवर्क विभागात ३.१३ आवृत्तीपासून अशा किल्ल्या पहिल्या वापराच्या क्षणी निवडण्याची सोय करण्यात आली.

पहिल्या वापरावर अवलंबून असलेली सर्वांत भाबडी रचना अशी असते : पॉइंटर (ऑब्जेक्टचा पत्ता साठवणारे चल) रिकामा आहे का ते पाहावे, असल्यास ऑब्जेक्ट तयार करावा आणि त्याचा पत्ता पॉइंटरमध्ये ठेवावा. दोन प्रोसेसरांना तो एकाच वेळी रिकामा दिसला तर दोघेही ऑब्जेक्ट तयार करतात आणि एकाची मेमरी कायमची हरवते. लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, घेतल्याने हे टळते. तो लॉक मात्र कंपाइल करतानाच तयार असला पाहिजे, नाहीतर लॉकच्याच एकवेळच्या प्रारंभीकरणाचा प्रश्न उभा राहतो. लिनक्समध्ये म्यूटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपवणारा लॉक) आणि स्पिनलॉक (न झोपता सतत तपासत वाट पाहायला लावणारा लॉक) असे स्थिर रीतीने घोषित करण्याची सोय आहे. त्यानंतर प्रश्न उरतो तो खर्चाचा. काम आयुष्यात एकदा होणार आणि वाचन लाखो वेळा. प्रत्येक वाचनापूर्वी लॉक घेतला तर तो ज्या कॅश-लाइनमध्ये (प्रोसेसरच्या जलद मेमरीच्या तुकड्यात) आहे ती प्रोसेसरांमध्ये सतत फिरत राहते.

यावर उपाय म्हणून लॉक न घेता एकदा तपासायचे, पॉइंटर रिकामा दिसला तरच लॉक घ्यायचा आणि आत पुन्हा तपासायचे, ही ‘डबल-चेक्ड लॉकिंग’ नावाची रीत रूढ झाली. वरवर ती निर्दोष वाटते. प्रत्यक्षात जावा भाषेत तिचा भरवसा देता येईना, आणि जावा ५ मध्ये २००४ साली मेमरी मॉडेल (मेमरीतील लेखन-वाचन इतरांना कोणत्या क्रमाने दिसेल याचे नियम) सुधारल्यावरच ‘व्होलाटाइल’ चलासह ती वैध ठरली. सी आणि सी++ या भाषांच्या मानकांत मेमरी मॉडेल २०११ मध्ये आले. लिनक्स कर्नल मात्र स्वतःचे मेमरी मॉडेल पाळतो.

या रीतीतला दोष लॉकबाहेरच्या वाचनात आहे. लॉकच्या आत एका प्रोसेसरने आधी ऑब्जेक्टची क्षेत्रे भरली आणि मग पॉइंटर लिहिला, तरी कंपाइलर किंवा प्रोसेसर या लेखनांचा दृश्य क्रम बदलू शकतो. मग लॉक न घेता आलेल्या दुसऱ्या प्रोसेसरला पॉइंटर भरलेला दिसतो, पण त्यामागची क्षेत्रे अजून कचऱ्याने भरलेली असतात. म्हणून लिहिणाऱ्याने पॉइंटर ‘स्टोअर रिलीज’ क्रियेने प्रसिद्ध करावा आणि वाचणाऱ्याने तो ‘लोड अक्वायर’ क्रियेने घ्यावा, असा नियम आहे. रिलीजच्या आधीचे सर्व लेखन, ते मूल्य अक्वायरने पाहणाऱ्याला निश्चितपणे दिसते. ही हमी जोडीची आहे. एका बाजूने पाळून दुसऱ्या बाजूने सोडली तर तिचा उपयोग नाही.

एक्स८६ प्रोसेसर लेखनांचा आपापसांतला आणि वाचनांचा आपापसांतला क्रम राखतात, त्यामुळे तिथे या दोन्ही क्रिया म्हणजे कंपाइलरला घातलेला बांध (क्रम बदलू न देणारी मर्यादा) एवढ्याच असतात. याच कारणामुळे सदोष कोड एक्स८६ यंत्रांवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतो आणि आर्म किंवा पॉवर प्रोसेसरांवर नेल्यावर कधीतरी, पुन्हा घडवून दाखवता न येणाऱ्या रीतीने कोसळतो. चाचणीत तो दोष सापडला नाही, हा कोड बरोबर असल्याचा पुरावा येथे मानता येत नाही. ६४-बिट आर्ममध्ये रिलीज आणि अक्वायर यांसाठी स्वतंत्र यंत्रसूचना आहेत.

अक्वायरऐवजी ‘रीड वन्स’ (कंपाइलरला एकदाच, अखंड वाचायला लावणारा लिनक्सचा मॅक्रो) पुरे, असे मतही मांडले जाते. पॉइंटर वाचल्यावर त्याच पत्त्याच्या आधारे पुढचे वाचन होते, आणि असे परावलंबी वाचन जवळपास सर्व प्रोसेसर क्रमानेच करतात. डीईसी अल्फा हा प्रसिद्ध अपवाद होता. त्याच्यासाठी लागणारा बांध लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीपासून ‘रीड वन्स’मध्येच घातला गेला. तर्क अचूक असला तरी त्याची मर्यादा मोठी आहे. पॉइंटरमधून पोहोचता येणाऱ्या मेमरीपुरतीच ही हमी लागू पडते. ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या फंक्शनने आतल्या आत एखादे जागतिक चलही भरले असेल, तर त्याच्या वाचनाला पॉइंटरचा आधार नसतो आणि क्रम सुटतो. ते फंक्शन दुसऱ्या उपप्रणालीचे असेल तर त्याचा अंतर्भाग वापरणाऱ्याला ठाऊक नसतो, आणि आज ठाऊक असला तरी उद्या तो बदलू शकतो. म्हणून एकवेळच्या प्रारंभीकरणात अक्वायर वापरणे हाच योग्य संकेत मानावा. त्याचा खर्च अल्प आहे आणि वाचलेल्या नॅनोसेकंदांसाठी इतरांच्या कोडच्या आतल्या रचनेवर विसंबणे धोक्याचे आहे.

साध्या, ‘रीड वन्स’ किंवा अक्वायर न वापरलेल्या वाचनाला मात्र येथे कोणतेच समर्थन नाही. कंपाइलर असे वाचन दोनदा करू शकतो किंवा तुकड्यांत तोडू शकतो. २०२० च्या ५.८ आवृत्तीत लिनक्समध्ये आलेले ‘केसीसॅन’ हे साधन अशा असंरक्षित स्पर्धा (एकाच चलाचे एकाच वेळी होणारे लेखन-वाचन) चालू कर्नलमध्ये शोधून काढते.

लॉकच नको असेल तर ‘कम्पेअर अँड एक्सचेंज’ क्रियेचा आधार घेता येतो. प्रत्येक जण आपली प्रत तयार करतो आणि पॉइंटर अजून रिकामा असेल तरच ती तिथे ठेवतो. ज्याला जागा मिळत नाही तो आपली प्रत नष्ट करून दुसऱ्याची वापरतो. येथे एक बारकावा सहज निसटतो. लिनक्समध्ये ही क्रिया अयशस्वी झाली तर ती क्रमाची कोणतीही हमी देत नाही, त्यामुळे हरलेल्याने विजेत्याचा पॉइंटर पुन्हा अक्वायरने वाचला पाहिजे. नोंदणीसारखे बाह्य परिणाम असलेल्या कामाला ही पद्धत चालत नाही, कारण काम काही काळ तरी दोनदा होते.

लिनक्समधील ‘डू वन्स’ या मॅक्रोने ही जबाबदारी वापरणाऱ्याकडून काढून घेतली. ४.४ आवृत्तीत आलेला हा मॅक्रो स्पिनलॉक घेऊन, इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारे व्यत्यय-संकेत) बंद करून काम करतो, आणि ते झाल्यावर ‘स्टॅटिक की’च्या (चालू कोडमधली शाखा बदलण्याच्या सोयीच्या) साहाय्याने कोडमधली तपासणीच पुसून टाकतो, जेणेकरून पुढच्या वाचनांना जवळजवळ काहीच खर्च पडत नाही. कोडमधला हा बदल झोपू शकणाऱ्या (वाट पाहत थांबण्याची मुभा असलेल्या) संदर्भातच करता येत असल्याने तो वर्कक्यूकडे, म्हणजे कामे नंतर पार पाडणाऱ्या रांगेकडे, सोपवला जातो. या रचनेची उणीव २०२२ मध्ये उघड झाली. टीसीपी या नेटवर्क जोडणीच्या नियमसंचात सोर्स पोर्ट (जोडणी सुरू करणाऱ्या बाजूचा क्रमांक) निवडण्यासाठीचा यादृच्छिक तक्ता २ च्या १६ व्या घाताइतक्या नोंदींपर्यंत वाढवला गेला होता आणि तो भरताना इंटरप्ट बंद राहत असल्यामुळे पहिल्याच टीसीपी जोडणीला सुमारे ८० मिलिसेकंदांचा विलंब दिसून आला. त्यानंतर झोपण्याची मुभा असलेल्या कोडसाठी म्यूटेक्स वापरणारे वेगळे रूप जोडण्यात आले. संदर्भाचा हा विचार टाळता येत नाही, कारण इंटरप्ट हँडलरमध्ये म्यूटेक्स घेता येत नाही, आणि इंटरप्ट बंद न करता घेतलेला स्पिनलॉक त्याच प्रोसेसरवरच्या हँडलरने मागितला तर तो प्रोसेसर कायमचा अडकतो.

विंडोज कर्नलमध्ये व्हिस्टा आवृत्तीपासून ‘रन वन्स’ फंक्शनांचा गट आहे. त्यात एकच धागा (थ्रेड) काम करतो व बाकीचे थांबतात, किंवा असमकालिक प्रकारात अनेक धागे प्रयत्न करतात आणि एकाचाच निकाल स्वीकारला जातो. नेटबीएसडीमध्येही ‘रन वन्स’ नावाचीच सोय आहे.

काम अयशस्वी झाल्यास काय करायचे, याबाबत या यंत्रणांत फरक आहे. विंडोजमध्ये कॉलबॅकने (प्रारंभीकरण करणाऱ्या फंक्शनने) अपयश कळवले तर पुढचा येणारा पुन्हा प्रयत्न करतो. नेटबीएसडीत पहिल्या वेळचा त्रुटी-अंक साठवला जातो आणि पुढच्या प्रत्येकाला तोच मिळतो. लिनक्समध्ये पॉइंटरवर आधारलेल्या पद्धतीत यशानंतरच पॉइंटर लिहिला जात असल्यामुळे पुनर्प्रयत्न आपोआप शक्य होतो. मेमरी न मिळणे हे अपयश बहुधा तात्पुरते असते, म्हणून मेमरी मागणाऱ्या कामासाठी पुनर्प्रयत्नाचीच रीत अधिक योग्य आहे. हार्डवेअर यंत्रावर नसल्यामुळे येणारे अपयश मात्र वारंवार तपासण्यात अर्थ नसतो, आणि तिथे साठवलेली त्रुटी पुरेशी ठरते.