थोरला, मधला, शेंडेफळ: स्वभाव की घरातली भूमिका?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या अनेक मराठी घरांत थोरल्या भावाला 'अण्णा' आणि थोरल्या बहिणीला 'अक्का' म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात तर धाकट्या भावासाठी 'तम्मा' आणि धाकट्या बहिणीसाठी 'तंगी' असे स्वतंत्र शब्दच आहेत. खानापूरकडे भाताची रोपलावण सुरू झाली, की आई चिखलात वाकलेली असताना बांधावर कडेवर धाकटे घेऊन उभी राहिलेली आठ-नऊ वर्षांची अक्का दिसते. धाकटे रडू लागले, की बोलणीही तिलाच बसतात. अशा मुलीला सगळे 'समंजस' म्हणतात. हा समंजसपणा तिच्या स्वभावातला, की अंगावर पडलेल्या कामातून आलेला, हा प्रश्न मानसशास्त्रात शंभर वर्षे चर्चेत आहे.

व्हिएन्नाचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांचे म्हणणे असे, की दुसरे मूल जन्मले की थोरल्याचे सिंहासन जाते आणि त्या धक्क्यातून त्याचा स्वभाव घडतो. (ॲडलर स्वतः दुसरे अपत्य होते, हे विसरू नये.) कल्पना मोहक असली, तरी ती पडताळणे अवघड आहे. एकाच घरात बारा वर्षांचा अण्णा सात वर्षांच्या धाकट्यापेक्षा जबाबदार दिसणारच. तो वयाचा परिणाम असतो. वेगवेगळ्या घरांतली मुले घ्यावीत, तर पाचवे अपत्य फक्त मोठ्या कुटुंबातच सापडते आणि मोठ्या कुटुंबाची परिस्थिती बहुधा वेगळी असते.

या अडचणी लक्षात घेऊन युलिया रोरर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील वीस हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली. मनमोकळेपणा, भावनिक स्थैर्य, सलोख्याची वृत्ती आणि कर्तव्यदक्षता यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. घराघरांत ठामपणे बोलल्या जाणाऱ्या गोष्टीला इतका थोडा आधार निघावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

बुद्ध्यंकात मात्र लहानसा फरक दिसतो: प्रत्येक पुढच्या अपत्यागणिक सरासरी दीड गुण कमी. त्याचे कारण शोधायला नॉर्वेतील सैन्यभरतीच्या नोंदी उपयोगी पडल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, थोरले भावंड बालपणीच दगावल्यामुळे घरात थोरले म्हणून वाढलेल्या दुसऱ्या मुलांचे गुण पहिल्या अपत्यांच्या बरोबरीचे निघाले. म्हणजे फरक गर्भातला नव्हे, घरातल्या स्थानाचा असावा.

भारतात जन्मक्रमाचा ठसा शरीरावरही उमटतो. अर्थतज्ज्ञ सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवले, की आफ्रिकी मुलांच्या तुलनेत भारतीय मुलांची उंची जन्मक्रमागणिक झपाट्याने घटत जाते आणि थोरल्या मुलग्याला मिळणारे झुकते माप हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

आमच्या सीमाभागात यात शाळेच्या माध्यमाची भर पडते. थोरला मराठी शाळेत गेला आणि नोकरीचा विचार करून धाकट्याला कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात घातले, अशी घरे गल्लोगल्ली आहेत. अशा वेळी तालुक्याच्या कचेरीत कन्नडमधून धडाधड बोलणारा धाकटा 'धीट' आणि त्याच्या मागे कागद धरून गप्प उभा असलेला अण्णा 'बुजरा' ठरतो. संध्याकाळी घरी मात्र त्याच अर्जाचे पुढे काय करायचे, हे अण्णाच ठरवतो.