कॉम्पिंग (ध्वनिमुद्रण)

एकाच गायन-वादनाचे अनेक टेक (मुद्रणाच्या फेऱ्या) घेऊन त्यांतील सरस तुकडे निवडणे आणि ते जोडून सलग वाटेल असा एक ट्रॅक तयार करणे, या प्रक्रियेस कॉम्पिंग म्हणतात. तयार झालेला ट्रॅक म्हणजे ‘कॉम्प’. संज्ञा ‘कंपोझिट’ या इंग्रजी शब्दाच्या आखूड रूपावरून आली, असे सामान्यतः मानले जाते. जॅझमध्ये एकल वादकाला पियानो वा गिटारवर स्वरगुच्छांची साथ देण्यासही कॉम्पिंगच म्हणतात. तेथे मूळ शब्द ‘अकंपनी’ की ‘कॉम्प्लिमेंट’, याविषयी एकमत नाही. दोन्ही संज्ञांचा परस्परसंबंध नसावा.

या प्रथेचा आरंभ कोठे धरावा, हा वादाचा मुद्दा आहे. काहींच्या मते चुंबकीय फीत ब्लेडने कापून जोडणे हेच आद्य कॉम्पिंग होय. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी 1966 मधील एका लेखात संगीतकार बाखच्या एका फ्यूगचे (एकच धून अनेक स्वरपंक्तींत गुंफणाऱ्या रचनेचे) सहावा व आठवा असे दोन टेक जोडल्याचे सविस्तर लिहिले आहे. मात्र वाद्यमेळाची फीत कापली की सगळीच वाद्ये एकदम बदलतात. बाकीचे तसेच ठेवून एकट्या गायकाची ओळ बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेणाऱ्या बहुट्रॅक मुद्रणापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकचे मुद्रणयंत्र 1957 मध्ये आले. पण एका गळ्यासाठी तीन-चार ट्रॅक राखून ठेवण्याची चैन सोळा व चोवीस ट्रॅकच्या यंत्रांनीच परवडू लागली. तेव्हा प्रथेचा प्रसार साधारणपणे 1970 नंतरचा असावा. त्या काळी गीताच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे टेकनिहाय खुणा करीत, आणि त्या पाहून फेडर (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या सरकत्या पट्ट्या) वर-खाली करत निवडलेल्या ओळी रिकाम्या ट्रॅकवर उतरवीत. या उतरवण्यात फितीची खरखर वाढे.

संगणकावर ध्वनिमुद्रण व संपादन करणारे प्रो टूल्स 1991 मध्ये आले. आरंभीच्या पद्धतीत एका वेळी एकच टेक समोर दिसे. सर्व टेक एकाखाली एक मांडून हवा तो भाग माउसने ओढून निवडण्याची सोय तशाच लॉजिक प्रो या प्रणालीच्या आठव्या आवृत्तीत (2007) आली. अशाच इतर प्रणालींपैकी एबलटन लाइव्हमध्ये कॉम्पिंग अकराव्या आवृत्तीत (2021), तर रीपरमध्ये ओढून निवडण्याची पद्धत सातव्या आवृत्तीत (2023) मिळाली. मूळ मुद्रणे अबाधित राहतात आणि सांधा मागाहून सरकवता येतो, हा खरा लाभ. सुरांची दुरुस्ती केल्यावर टेक बदलला, तर मात्र त्या तुकड्याची दुरुस्ती बहुधा पुन्हा करावी लागते.

सांध्यावर एक टेक मावळत असताना दुसरा उगवतो. यास क्रॉसफेड म्हणतात व तो बहुधा काही मिलिसेकंदांचा असतो. सरळ रेषेने मावळल्यास मध्यावर दोन्ही आवाज 6 डेसिबलने उतरतात. दोन टेकच्या ध्वनिलहरी जुळत नसल्याने त्यांची बेरीज 3 डेसिबल कमी भरते आणि खड्डा ऐकू येतो. म्हणून तेथे समशक्ती वक्र (मध्यावर प्रत्येक आवाज 3 डेसिबलनेच उतरवणारा) वापरतात. उलट, हुबेहूब सारख्या लहरींवर तोच वक्र 3 डेसिबलचा उंचवटा देतो. गळ्याचा सांधा ‘स’, ‘श’ यांच्या सीत्कारात किंवा ‘क’, ‘त’, ‘प’ यांच्या आधीच्या क्षणिक शांततेत लपतो. लांबवलेल्या ‘आ’मध्ये तो हमखास उघडा पडतो. श्वास पुढच्या ओळीच्या टेकमधलाच ठेवावा. अर्धा श्वास कानाला लगेच खटकतो. अनेक मायक्रोफोन लावलेल्या ड्रम्सवर सर्व ट्रॅक एकाच बिंदूवर कापावे लागतात, नाहीतर कला (फेज), म्हणजे मायक्रोफोनांमधील लहरींचा परस्परमेळ, बिघडते.

हिंदुस्थानी ख्यालगायनात क्लिक (ठरावीक लयीचा यांत्रिक ठोका) नसते, लय बढतीबरोबर चढते. दोन टेकमधील आवर्तने सहसा सारख्या लांबीची नसतात. त्यातून गायकाच्या मायक्रोफोनमध्ये तबला झिरपलेला असला, तर नुसती तान उचलता येत नाही. अशा वेळी समेपासून समेपर्यंत आख्खे आवर्तनच बदलणे त्यातल्या त्यात निर्धोक.