पीसी आपोआप रिस्टार्ट होतो म्हणजे व्हायरसच?

"पीसी सारखा रिस्टार्ट व्हायलाय म्हणजे व्हायरस, फॉरमॅट मारा" हा मेसेज लई वर्षांपासून फिरायलाय. तसं वाटणं साहजिकय, स्क्रीन काही न सांगता काळी होते. पण बऱ्याचदा भानगड उष्णतेची, रॅमची नाहीतर करंटची असते. आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या वर, त्यात पंख्यात धूळ दाटलेली, मग प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला मशीनच बंद पाडतो.

तपासायचं कसं? चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा स्वतःचा सेटिंगचा भाग) जा अन् अर्धा तास तसंच राहू द्या. तिथं विंडोज चालूच नसतं, म्हणून तिथंबी रिस्टार्ट झाला तर फॉरमॅट मारून काय उपयोग? टेंपरेचर बी बहुतेक तिथंच दिसतं. नाही झाला तरी लगेच व्हायरस म्हणू नका, बायोसमध्ये लोडच कमी असतो.

मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (मशीनमध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद बघा. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं, ते कशामुळं झालं हे ती नोंद सांगत नाही. सिस्टीम सेटिंगमधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढली तर विंडोज बंद पडताना येणारी निळी स्क्रीन थांबून एररचा कोड दाखवते. निळी स्क्रीन येतच नसेल तर आधी धूळ झाडा, मग एसएमपीएस (पीसीला करंट पुरवणारा डबा) बदलून बघा.