नटी (बेळगाव सीमाभागातील संगीत रंगभूमी)

बेळगाव, चिकोडी, गोकाक, खानापूर या पट्ट्यात संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका करणारी गायिका-अभिनेत्री. मराठी नाट्येतिहास हिच्याकडे बहुधा पुण्या-मुंबईहून पाहतो, म्हणून तिचे कानडी अंग दुर्लक्षित राहते.

संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे (१८४३–१८८५). ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) यांतील पदांना त्यांनी साकी-दिंडी या मराठी पद्यप्रकारांच्या चालींबरोबर कर्नाटकी चालीही लावल्या. शकुंतला, सुभद्रा मात्र पुरुषच रंगवीत. भाऊराव कोल्हटकरांचे नाव त्यात मोठे. कुलीन घरातली बाई रंगमंचावर येणे समाजाला रुचत नव्हते आणि कलावंतिणींच्या घरातली आली, तर तिच्या गळ्याला दाद मिळे, मान मिळेलच असे नसे. त्याच जिल्ह्यात ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कानडी लोकनाट्यात कौजलगी निंगम्मा यांनी नाव कमावले. कौजलगी हे गोकाक भागातले गाव.

मिरज-बेळगाव-हुबळी रेल्वेमुळे नाटक मंडळ्यांचे दौरे सोपे झाले. पडदे, पेट्या, आचारी, मुलेबाळे असे सगळे बिऱ्हाड गाडीत चढे. मुक्काम चांगला गेला, तर पगार वेळेवर. पावसाने प्रयोग बुडाले की नटीचे दागिनेही गहाण पडत. कानडी कंपन्यांनी मराठी संगीत नाटकाचा बाज उचलला. एणगी बाळप्पा (१९१४–२०१७) हे सौंदत्तीकडचे नट आरंभी स्त्रीपार्ट करीत आणि पुढे स्वतःची कंपनी चालवीत.

वय हा या व्यवसायातला अवघड प्रश्न. नायिका सोळा वर्षांची आणि तिची पदे पचवायला वीस वर्षांची मेहनत, हा पेच कोणालाच सुटला नाही. प्रेक्षक गळ्यासाठी चेहरा माफ करीत, पण ही सवलत पुरुषाला अधिक मिळाली. बालगंधर्व पन्नाशीपर्यंत नायिका रंगवीत होते. विजापूरकडच्या बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी १९३८ मध्ये बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत आल्या, तेव्हा खऱ्या स्त्रीशेजारी ते वय लपेना आणि पुढे नायिकांच्या भूमिका गोहरबाई करू लागल्या. त्यांच्या गाण्यावर गंधर्वांची छाप इतकी की रसिक चकित होत. तरी मंडळीच्या उतरत्या काळाचा ठपका अनेकांनी त्यांच्यावरच ठेवला. तो अन्यायाचा वाटतो, कारण कर्ज आणि बोलपट ही दोन्ही संकटे त्यांच्या आधीची होती.

कंपन्या मोडल्यावर नटीच्या वाट्याला आईची, सासूची दुय्यम कामे किंवा गाण्याच्या शिकवण्या येत. २०१५ मध्ये बेळगावात भरलेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा मात्र गायिका-अभिनेत्री फैयाज होत्या.