दुकानातलं वायफाय ओटीपी का मागतं?

नाशिकमध्ये गिऱ्हाइकांसाठी वायफाय ठेवणारी दुकानं दोन तऱ्हेची दिसतात. एखाद्या मिसळीच्या हॉटेलात गल्ल्यामागे चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी असते, तिच्यावर हॉटेलचं नाव आणि पुढे १२३. कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत मात्र आधी मोबाईल नंबर मागणारं पान उघडतं, ओटीपी येतो, मग नेट चालू होतं. नवीन दुकानदाराला वाटतं, चिठ्ठीचं काम सोपं, ओटीपी म्हणजे नसती कटकट. पण ओटीपी कुठून आला हे कळलं, की चिठ्ठी काढून टाकावीशी वाटते.

लोकांना जोडून देणारं दुकान ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. पिवळ्या पाटीचं एसटीडी-पीसीओ बूथ आठवा. काचेची केबिन, लाल आकडे पळवणारं मीटर आणि रात्री ११ नंतर पाव दर लागतो म्हणून तेव्हाच लागणारी रांग. बूथवाल्याला कमिशन मिळायचं आणि लाइन कुणाची, हिशेब कुणाचा, हे सगळं आधीच ठरलेलं असायचं. त्या काळात घरी फोन नसलेल्या कित्येक कुटुंबांचा दूरच्या माणसांशी संबंध या बूथनीच टिकवला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि काही वर्षांत बूथशेजारी सायबर कॅफे आले. तिकडे १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक ठरलं होतं. वेग जेमतेम २ एमबीपीएस. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये वायफाय ज्यावर चालतं तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. राउटर विकत आणून भिंतीला टांगायचा आणि कुणाला विचारायचं नाही, ही मोकळीक तेव्हापासूनची.

मग २००८ उजाडलं. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. तपास पोचला नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत. तिथं राहणाऱ्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या काही ईमेलसाठीही मुंबई परिसरातली अशीच दुसऱ्यांची जोडणी वापरली गेली. ज्याच्या नावावर लाइन, त्याच्या दारात पोलीस, हे सगळ्यांना पहिल्यांदा लख्ख दिसलं ते तेव्हा.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी तात्पुरतं वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे, एक तर फोटो ओळखपत्राची प्रत ठेवून, नाहीतर लॉगिनचा तपशील त्याच्या मोबाईलवर एसएमएसनं पाठवून. आज आपल्याला त्रास वाटणारा ओटीपी या दुसऱ्या वाटेनं आलेला आहे. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी नोंदवही सक्तीची केली. नाव, पत्ता, ओळखपत्र, येण्याजाण्याची वेळ असे रकाने, आणि नोंदी किमान वर्षभर जपायच्या. मोठी हॉटेलं आणि मॉल यांनी हे काम कंपन्यांना दिलं. चहावाल्यानं, झेरॉक्सवाल्यानं काय करायचं, याचं उत्तर मात्र बरीच वर्षं कुणी दिलं नाही. माझ्या मते सार्वजनिक वायफाय आपल्या गल्लीबोळात रुजलं नाही, त्याचं एक मोठं कारण इथं आहे.

मार्च २०१७ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं शिफारशी केल्या आणि ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं सार्वजनिक वायफायच्या पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तिची रचना मला मनापासून आवडते, कारण ती छोट्या दुकानदाराला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. दुकानदार झाला पीडीओ, म्हणजे सार्वजनिक डेटा केंद्र. हे नाव पीसीओवरूनच बेतलेलं. त्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नाही. त्याच्या वरचा पीडीओए हा जुळवणी करणारा, नोंदणी आणि हिशेब त्याच्याकडे. गिऱ्हाइकाची ओळख अ‍ॅपवाला पटवतो. या सगळ्यांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सांभाळते. दुकानदारानं राउटर लावायचा, वीज आणि लाइन चालू ठेवायची आणि हवं तर छोटी कूपनं विकायची.

तरी वेग आला नाही. राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी हॉटस्पॉटचं, म्हणजे सार्वजनिक वायफायच्या ठिकाणांचं, लक्ष्य होतं. २०२४ मध्ये पीएम-वाणीचे जेमतेम दोनेक लाख होते. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला, हे एक कारण. दुसरं जास्त बोचरं: सेवा देणाऱ्या कंपन्या पीडीओकडे महागड्या लीज्ड लाइनचा, म्हणजे एकाच गिऱ्हाइकासाठी राखून भाड्यानं दिलेल्या लाइनचा, आग्रह धरत होत्या आणि दहा-वीस रुपयांच्या कूपनांतून तो खर्च निघणं शक्यच नव्हतं. जून २०२५ मध्ये ट्रायनं आदेश काढला, की २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती फायबर प्लॅन पीडीओला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दरानं देता येणार नाही.

नाशिकला याचं महत्त्व जास्त आहे. ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि पर्वणीच्या गर्दीत मोबाईलला रेंज दिसूनही डेटा सरकत नाही. पंचवटीतल्या पूजासाहित्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचं यूपीआय अडकलं, तर दुकानातली फायबर लाइन उपयोगी पडते. पण चिठ्ठीवरच्या त्याच एका पासवर्डावर बिलिंगचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीही असेल, तर गिऱ्हाइकाचा फोन आणि तुमचा गल्ला एकाच जाळ्यात येतात. राउटरमधलं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं स्वतंत्र वायफाय, चालू करून हे वेगळं काढता येतं आणि आजच्या बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. घरगुती प्लॅन दुकानात वाटायला अनेक कंपन्यांच्या अटींत मुभा नसते, म्हणून राउटर घ्यायच्या आधी लाइन देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: पीडीओसाठीचा प्लॅन कोणता आणि तो किती रुपयांना?