लग्नाआधीचं कार्ड : सातपुड्यातल्या सिकलसेल समुपदेशनाची पार्श्वभूमी

'वाहकाने वाहकाशी लग्न करू नये' हे वाक्य नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आशाताईंना आता पाठ झालंय. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचा जनुक एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक, दोघांकडून आला तर रुग्ण. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य ठरलं. तेव्हापासून हे वाक्य भिंतीभिंतीवर दिसू लागलं. पण त्याचा प्रवास बराच आधी सुरू झालाय आणि तो वाटतो तितका सरळ नाही.

जुना भाग थोडक्यात. भारतात हा दोष पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतूनही नोंद आली. वाहकाला हिवतापापासून संरक्षण मिळतं, हे १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून पुढे आलं. सातपुड्याच्या पायथ्याची गावं तापासाठी बदनाम होती, हे इंग्रजी अमदानीतल्या नोंदींतही सापडतं. त्यामुळे हा जनुक इथे का टिकला याचं फारसं कोडं उरत नाही. पुढे महाराष्ट्रातल्या पाहण्यांमध्ये भिल्ल आणि पावरा या जमाती वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्के असलेल्या गटात आल्या. त्या काळातल्या बहुतेक पाहण्या लोकसंख्येचा नकाशा काढण्यासाठी होत्या. रक्त दिलेल्याच्या घरी निकाल पोचवणं हा त्यांचा हेतूच नव्हता.

घरी निकाल पोचवण्याचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते २००८ च्या सुमारास, राज्याचा कार्यक्रम आला तेव्हा. धुळ्यातून १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार त्याच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत होता. धुळे-जळगावचा आदिवासी पट्टा नंतर जोडला गेला. पहिली चाचणी अगदी साधी. द्रावणाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. मेख अशी की या चाचणीतून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते, म्हणजे नमुना तालुक्याबाहेर जातो. दिवाळीनंतर नमुना घेतला तर अहवाल येईपर्यंत घराला कुलूप, कारण माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. घरात मागे राहतो तो 'पॉझिटिव्ह' एवढा एक शब्द. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावायचा.

आता कार्डांचा वाद. तपासणी झालेल्याला त्याच्या प्रकारानुसार (निरोगी, वाहक की रुग्ण) कार्ड द्यायचं आणि लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डं पत्रिकेसारखी जुळवून पाहायची, ही कल्पना कागदावर बिनतोड आहे. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. असं लग्न झालंच नाही तर प्रश्नच मिटला.

पण हा प्रयोग जगात नवा नव्हता. ग्रीसमधल्या ऑर्खोमेनोस या गावात जवळपास चौथा हिस्सा लोक वाहक होते. तिथे तपासणी आणि लग्नाविषयीचा सल्ला, दोन्ही झालं. काही वर्षांनी, १९७४ मध्ये, फेरपाहणी प्रसिद्ध झाली. सल्ला दिलाच नसता तर वाहक-वाहक लग्नं जेवढी झाली असती, जवळजवळ तेवढीच झाली होती. कुणी प्रकार लपवला होता. वाहकांना, विशेषतः मुलींना, कमीपणा मात्र आला होता. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काही राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक आणि रुग्ण यांची गल्लत होऊन नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले, तेव्हा १९७२ च्या केंद्रीय कायद्याने ऐच्छिकतेवर भर दिला. कार्डाचे समर्थक सायप्रसकडे बोट दाखवतात. तिथला आजार थॅलेसेमिया, तोही रक्ताचा आनुवंशिक आजार. लग्नाआधी प्रमाणपत्र लागायचं आणि रुग्ण बालकांचे जन्म जवळपास थांबले, हे खरं आहे. पण तिथल्या बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही, गर्भावस्थेतली तपासणी करून घेतली. ही तपासणी आपल्याकडे मोठ्या शहरांत होते. तोरणमाळच्या पाड्यावरच्या बाईसाठी ती जवळजवळ नसल्यातच जमा. म्हणजे सायप्रसचं अर्धंच उत्तर आपण उचललं.

इथल्या लग्नव्यवहाराचा विचारही कार्डाची पद्धत ठरवताना फारसा झालेला दिसत नाही. मुलाकडून देज (वधूमूल्य) दिलं जातं आणि बोलणी पंच, घरची वडीलधारी मंडळी करतात. बरीच जोडपी आधी एकत्र राहतात, विधी सवडीने होतो. कार्ड कुणी, कुणाला आणि कोणत्या टप्प्यावर दाखवायचं? बोलणीत मुलीचं कार्ड मागितलं जातं, मुलाचं घरीच राहतं. वाहक हा आजारी नसतो, हे मुलीच्या बापाला आधी पटलेलं नसेल तर कार्डाने त्याच्या जीवाला घोर लागतो. कार्ड नको, असं माझं म्हणणं नाही. ते समुपदेशनाच्या शेवटी हातात पडायला हवं होतं, ते सुरुवातीलाच पडलं.

समुपदेशन शिकवलं कसं गेलं, हेही पाहण्यासारखं आहे. कल सुचवू नये, माहिती द्यावी आणि निर्णय कुटुंबावर सोडावा, हे आनुवंशिक समुपदेशनाचं जुनं तत्त्व. सुप्रजननाच्या, म्हणजे 'निवडक' माणसांचीच संतती वाढवण्याच्या, नावाखाली झालेल्या अत्याचारांनंतर ते रुजलं. आपल्या प्रशिक्षणात हे तत्त्व आणि 'लग्न करू नये' ही घोषणा शेजारी शेजारी बसतात, आणि दिवसभराच्या शिबिरानंतर लक्षात राहते ती घोषणा. टक्केवारीचंही तेच. 'चारातलं एक' असं सांगितलं की पहिलं मूल रुग्ण निघाल्यावर पुढची तीन सुटली, असा हिशेब आई करते. काही शिबिरांत मक्याचे दोन रंगांचे दाणे वापरतात. आई आणि बाप अशा दोन मुठींतून एकेक दाणा उचलायचा, पाहायचा, परत टाकायचा आणि पुन्हा उचलायचा. दाणा परत टाकण्यात सगळं आहे, कारण प्रत्येक वेळी शक्यता तीच राहते. तेही पावरी किंवा मावची या इथल्या आदिवासी बोलींत बोलणारी बाई समोर असेल तरच पोचतं.

या सगळ्यात मागे पडलं ते दुखणं. भारतातला सिकलसेल सौम्य असतो, ही समजूत १९८० च्या दशकातल्या ओडिशाच्या अभ्यासानंतर पक्की झाली. गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन इथल्या रुग्णांत जन्मानंतरही जास्त टिकतं आणि त्याने आजार सौम्य होतो, हे तिचं कारण. पुढे नागपूरकडच्या रुग्णांत तीव्र रूप दिसलं, तर दक्षिण गुजरातच्या आदिवासींत तुलनेने सौम्य. नंदुरबारची गणना साहजिकच दुसऱ्या गटात झाली. मग आश्रमशाळेतलं डोळे पिवळे असलेलं, खेळायला न उतरणारं पोर 'आळशी' ठरतं. रात्री हाडं ठणकत आलेल्या तरुणाला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन देऊन पहाटे घरी पाठवलं जातं. वेदना शून्य ते दहा अशी विचारावी आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारावी, एवढी साधी गोष्ट परिचारिकेच्या वहीत क्वचितच सापडते.

हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ पासून ठाऊक आहे. ही गोळी रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश झाल्यापासून प्रमाणपत्रासाठी रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ लागले. त्यामुळे त्यांची नोंद तरी लागते. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत गुजरातेतल्या बारडोलीच्या फडावर त्यांच्या गोळ्या कुणी पोचवायच्या, याची तरतूद मात्र दोन्हीपैकी एकाही राज्याच्या आशाताईच्या कामाच्या यादीत स्पष्टपणे बसत नाही.