शनिवारचं इटालियन जेवण: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री आमच्या खानावळीत कोंबडी-वडे आणि सुरमईचं ताट बंद असतं, फक्त इटालियन जेवण मिळतं. वेंगुर्ल्यात हे खूळ कशाला, असं गल्ल्यावर कोणी ना कोणी विचारतंच. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

हे जेवण आम्ही मास्सिमो बोत्तुरा या शेफच्या मानाखातर करतो. उत्तर इटलीतल्या मोदेना शहरात १९९५ साली त्यांनी ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’ हे रेस्टॉरंट काढलं. टेबलं जेमतेम बारा. रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या मिशेलिन गाइडचे सर्वोच्च म्हणजे तीन स्टार आहेत, आणि जगातल्या उत्तम रेस्टॉरंटांच्या ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’ यादीत २०१६ आणि २०१८ अशी दोनदा पहिली जागा मिळाली. सुरुवातीला मात्र खुद्द मोदेनाकरांनीच त्यांना नावं ठेवली होती. रश्श्यातल्या तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या इवल्या पुड्या, वाडगाभर ओरपणाऱ्या गावाला त्यांनी मोजून सहा वाढल्या! आमच्याकडे याहून कमी कारणावरून भांडणं झाली आहेत.

स्टारचं कौतुक आहेच, पण आम्ही त्यांना मानतो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. २० आणि २९ मे २०१२ला त्या भागात मोठे भूकंप झाले. पारमिजानो रेज्जानो हे तिथलं नावाजलेलं चीज. एकेक चाक चाळीस किलोंच्या आसपास, किमान बारा महिने फळीवर मुरणारं. गोदामांतल्या उंच मांडण्या कोसळल्या आणि तीन लाखांहून जास्त चाकांचं नुकसान झालं. साल तडकली की चीज पुढे धड मुरत नाही, लगेच खपवावं लागतं. तेव्हा ते चीज खपावं म्हणून बोत्तुरा यांनी एक रिझोतो, म्हणजे इटालियन पद्धतीचा आसट भात, बसवला. रोमकडे ‘काचो ए पेपे’ हा पास्ता मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज आणि मिरी घालून करतात. यांनी पास्त्याऐवजी तांदूळ घेतला, पेकोरीनोऐवजी पारमिजानो, आणि कृती सगळ्यांना खुली केली. त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या एका ठरलेल्या रात्री देशोदेशीच्या घरांतून तो रिझोतो शिजला.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळात आपल्याकडे कलमांखाली आंब्याचा सडा पडला होता, ते सगळ्यांनी पाहिलंय. पडीचा आंबा पेटीत जात नाही, दलाल त्याला हात लावत नाही. अशा मालाचं काय करायचं, हा प्रश्न आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

तर ताटात मुख्य असतो तो हाच रिझोतो. किसलेलं चीज पाण्यात हलकं तापवून रात्रभर निवत ठेवतो. चोथा खाली बसतो, साय वर येते. मधल्या पाण्यात तांदूळ शिजवायचा आणि शेवटी ती साय त्यात घोटायची. लोणी नाही, क्रीम नाही. तांदूळ इटालियनच लागतो. आपला उकडा तांदूळ आम्ही वापरून पाहिला, पण तो एकदा उकडलेला असल्यामुळे पिठूळपणा सोडत नाही, दाणे सुटे राहतात. पेजेला तोच हवा, इथे नको. मिरी मात्र आमच्याच वाडीतली, पोफळीवर चढवलेल्या वेलींची. दाताखाली किंचित कणी लागेल. भात कच्चा आहे म्हणून ताट परत पाठवू नये, तो तसाच असतो.

त्याआधी पासातेल्ली येते. शिळ्या पावाचा चुरा, चीज, अंडं, जायफळ आणि लिंबाची किसलेली साल एकत्र मळून दाबून काढलेल्या जाड शेवया, कोंबडीच्या गरम सूपमध्ये. मोदेनाच्या मुलखात हा पाव वाया न घालवण्यासाठी केलेला घरगुती पदार्थ. आम्ही त्या शिरवाळ्यांच्या लाकडी साच्यातूनच काढतो, फक्त चकती मोठ्या भोकांची बसवून घेतली आहे. पीठ सैल झालं तर शेवया सूपमध्ये विरघळतात, म्हणून ते तासभर झाकून ठेवावं लागतं. एखाद्या शनिवारी वाढायला उशीर झाला तर कारण बहुधा हेच.

पावसाळ्यातली मासेमारी बंदी सोडून इतर महिन्यांत एक मासाही असतो, ऑलिव्ह तेलात नुसता भाजलेला. त्यावर चीज मागू नये, इटलीतही सहसा घालत नाहीत. सोलकढी मागितलीत तर देऊ. बोत्तुरा यांना चालेल की नाही ठाऊक नाही, आम्हाला चालते.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. अस्सल पारमिजानो विरजताना वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, वापरतात, त्याला पर्याय चालत नाही. म्हणजे दिसायला दुधाचं असलं तरी ते कडक शाकाहारात बसत नाही. आधी सांगितलंत तर तुमचा रिझोतो शाकाहारी रेनेटच्या चीजमध्ये वेगळ्या भांड्यात करू. चव थोडी उतरते, पण फसवणूक नको. पासातेल्लीत अंडं आणि गहू असतोच, त्याऐवजी भाज्यांचं सूप मिळेल.

नोंदणी गुरुवार संध्याकाळपर्यंत गल्ल्यावर करावी, चीज शुक्रवारीच पाण्यात घालावं लागतं. लहान मुलांसाठी अर्धा रिझोतो मिळतो. दर फळ्यावर लिहिलेला असतो, कारण चीजचा भाव आमच्या हातात नाही. पार्सल मिळणार नाही: डब्यात पाच मिनिटांत रिझोतोचा गोळा होतो आणि मग आमच्या नावानं बोंब होते.